जुळ्यातली कालवड वांझ का निघते? वृषण घडवण्याचा निर्णय नेमका कोण घेतो?

कृष्णाकाठ
मंडळी, प्रश्न गोठ्यातला आहे, पण उत्तर प्रयोगशाळेतलं हवंय, म्हणून इथे टाकतोय.

दीड वर्षापूर्वी आमच्या संकरित होल्स्टीन गाईला जुळं झालं. आधी गोऱ्हा, मग वीस मिनिटांनी कालवड. दोन्ही धडधाकट. कालवडीला माझ्या आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं, नाव ठेवलं जुई. आता तिला अठरा महिने झाले. वजन भरलंय, अंगावर तकाकी आहे, बरोबरीच्या दोन कालवडी गाभण आहेत. ही मात्र एकदाही माजावर आली नाही. डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जुळ्यातली का? आणि बरोबर गोऱ्हा होता?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग आशा धरू नका. पोटात असताना भावाचं रक्त तिच्यात गेलंय."

हे काही माझ्या पचनी पडेना. शाळेत शिकलो की एक्स-एक्स म्हणजे मादी, एक्स-वाय म्हणजे नर, आणि गर्भ राहतो त्याच क्षणी हे ठरतं. जुई एक्स-एक्स असेल, तर भावाचं रक्त तिच्या बीजांडकोशाचं काय बिघडवणार? आणि रक्तानं एवढं होत असेल, तर मग नर-मादी ठरवतं कोण? गुणसूत्र की आजूबाजूला फिरणारी रसायनं?

गोठाडॉक्टर
तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. इंग्रजीत अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. गाईत जुळं असलं की बहुतेक वेळा दोन्ही वारांच्या (वार म्हणजे प्लॅसेंटा) रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. हे अगदी लवकर होतं, पहिल्या महिना-सव्वा महिन्यातच. बरोबर गोऱ्हा असेल तर ९० टक्क्यांहून जास्त कालवडी वांझ निघतात. गोऱ्हा मात्र सहसा ठीक असतो.

तपासायला सोपं आहे. वासरू महिन्याभराचं असताना गुळगुळीत, गोल टोकाची नळी वंगण लावून योनिमार्गात अलगद सरकवायची. नेहमीच्या वासरात ती १२ ते १५ सेंटिमीटर आत जाते, फ्रीमार्टिनमध्ये ५ ते ८ वर अडते. खात्री हवी असेल तर रक्तात भावाच्या पेशींचं वाय गुणसूत्र आहे का ते तपासून घ्या. पण नळी स्वतः घालू नका, इजा होते.

रानजाई
वाचतेय. आमच्या वस्तीवर एकानं बाजारातून अशीच देखणी कालवड आणली होती. विकणाऱ्यानं जुळ्याचं सांगितलंच नाही. दोन वर्षं वैरण-खुराक, चार वेळा रेतन, सगळं वाया गेलं. म्हणून कालवड घेताना "एकटी जन्मली की जुळी?" हे तोंडावर विचारायचंच.

पिपेट
धागा बघून राहवलं नाही. मी उंदरांच्या गर्भातल्या जननग्रंथींवर काम करते. कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे आणि माझ्या आवडीच्या क्षेत्राची सुरुवातच त्यातून झाली. १९१६ साली शिकागोच्या फ्रँक लिली यांनी कत्तलखान्यातून आलेल्या जुळ्या गर्भांच्या वारा तपासून हाच निष्कर्ष काढला होता की भावाच्या रक्तातून काहीतरी बहिणीत जातं. ते "काहीतरी" काय, हे कळायला बरीच वर्षं गेली.

सुरुवातीपासून सांगते. गर्भात आधी वृषणही नसतं आणि बीजांडकोशही नसतो. मूत्रपिंडाच्या एका कच्च्या, तात्पुरत्या अवयवाला चिकटलेला एक उंचवटा असतो, दोन्हीकडे जाऊ शकेल असा. उंदरात तो साडेदहाव्या दिवशी दिसतो, माणसात पाचव्या-सहाव्या आठवड्यात. साडेअकरा दिवसांचा उंदराचा गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर ही ग्रंथी जेमतेम एक मिलिमीटरची असते. नर की मादी, डोळ्यांना काहीही कळत नाही. वय तरी नेमकं किती हे ठरवायला आम्ही शेपटीतले खंड मोजतो. अठरा खंड भरले की साडेअकरा दिवस. आणि मग चोवीस तासांनी तीच ग्रंथी बघायची. नराच्या ग्रंथीत आडवे पट्टे उमटलेले असतात, कडेनं एक लालभडक रक्तवाहिनी उतरलेली असते. मादीची अजून तशीच एकसारखी, गुळगुळीत. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय, आणि दर वेळी मान वर करायला दोन मिनिटं लागतात.

या चोवीस तासांत आणि त्याच्या जरा आधी काय घडतं? वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक जागं होतं. ते १९९० मध्ये लंडनच्या पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी शोधलं. पुढच्याच वर्षी त्यांनी एक्स-एक्स उंदरात ते जनुक घातलं आणि त्या उंदराला वृषणं आली. एसआरवायचं काम एकच, पेशीतलं सॉक्स९ नावाचं जनुक चेतवायचं. सॉक्स९ चेतलं की ती पेशी सर्टोली पेशी होते, म्हणजे पुढे शुक्रपेशींना सांभाळणारी दाई. पण एसआरवाय प्रत्येक पेशीत थोडेच तास टिकतं. ते विझल्यावर सॉक्स९ कोण धरून ठेवतं? इथे ग्रोथ फॅक्टर येतात. ग्रोथ फॅक्टर म्हणजे एका पेशीनं बाहेर सोडलेला आणि शेजारणीनं वाचलेला प्रथिनरूपी निरोप. इथला मुख्य निरोप एफजीएफ९. तो शेजारच्या पेशीवरच्या एफजीएफआर२ या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसतो, आणि तिचं सॉक्स९ टिकून राहतं. मग तीही एफजीएफ९ सोडते. गल्लीत एकीनं दिवा लावावा आणि तो बघून घरोघरी दिवे लागावेत, तसं. हा उजेड ग्रंथीच्या मध्यभागी सुरू होतो आणि दोन्ही टोकांकडे पसरत जातो.

चिंच_आवळा
दिव्याची उपमा फार आवडली. वाचनखूण साठवली.

फळा_खडू
पिपेट, माहिती सुरेख, पण मांडणीशी असहमत. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, सव्वीस वर्षं झाली. एसआरवाय असेल तर वृषण, नसेल तर बीजांडकोश, हे सूत्र तुमच्याच १९९१ च्या उंदरानं सिद्ध केलं. बाकीचे ग्रोथ फॅक्टर हे हुकमाचे ताबेदार आहेत. निर्णय एसआरवायचा, अंमलबजावणी यांची. मुलांना "पेशी आपापसात बोलून ठरवतात" असं सांगितलं तर मूळ मुद्दाच निसटेल.

पिपेट
सर, तुमचं सूत्र चूक नाही, पण अपुरं आहे. डेव्हिड ऑर्निट्झ आणि ब्लांच केपल यांच्या गटांनी २००१ मध्ये एफजीएफ९ नसलेले उंदीर अभ्यासले. एक्स-वाय गर्भ, एसआरवाय शाबूत, तरी बऱ्याच गर्भांत वृषण बनलंच नाही, बीजांडकोशाकडे वळण लागलं. (ही पिल्लं जन्मताच दगावतात, कारण फुफ्फुसंही नीट वाढत नाहीत. एकच रेणू शरीरात किती ठिकाणी कामाला असतो बघा.) २००६ मध्ये बारकाईनं पाहिल्यावर दिसलं की त्या ग्रंथींत सॉक्स९ सुरू झालं होतं. हुकूम निघाला होता. मग ते मावळलं. ताबेदार हजर नसेल आणि हुकूमच रद्द होत असेल, तर त्याला नुसता ताबेदार कसं म्हणायचं?

दुसरा पुरावा १९९१ चाच, पामर आणि बर्गोइन यांचा. त्यांनी एक्स-एक्स आणि एक्स-वाय पेशी मिसळून बनलेल्या उंदरांची वृषणं तपासली. सर्टोली पेशी बहुतेक एक्स-वाय निघाल्या, पण काही एक्स-एक्ससुद्धा होत्या! ज्यांच्याकडे एसआरवाय कधीच नव्हतं, त्या शेजारच्यांच्या निरोपावर सर्टोली झाल्या.

फळा_खडू
मिश्र पेशींचा प्रयोग मला माहीत नव्हता. तो मान्य. एक्स-एक्स पेशी सर्टोली होत असेल तर माझं सूत्र पेशीच्या पातळीवर टिकत नाही, ग्रंथीच्या पातळीवर टिकतं.

पण काल रात्री बसून मी एफजीएफ९ बद्दल वाचलं आणि आता तुमच्या दिव्याच्या उपमेला हरकत घेतो. २०१२ मध्ये केपल यांच्याच गटानं एफजीएफ९ आणि डब्ल्यूएनटी४ ही दोन्ही जनुकं एकाच वेळी काढून टाकली. डब्ल्यूएनटी४ हा बीजांडकोशाकडे नेणारा निरोप. तुमच्या म्हणण्याप्रमाणे एफजीएफ९ शिवाय दिवे विझायला हवेत. पण त्या एक्स-वाय ग्रंथींचं वृषण झालं! म्हणजे एफजीएफ९ तेल पुरवत नाही, वारा अडवतो. डब्ल्यूएनटी४ हा वारा. वाराच नसेल तर आडोशाची गरज काय?

पिपेट
सर, हे तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत. मी माघार घेते. आडोसाच. सॉक्स९ एकदा लागलं की स्वतःला बऱ्यापैकी सांभाळतं, प्रोस्टाग्लँडिन डी२ सारखे इतर निरोपही त्याला हात देतात. एफजीएफ९ चं मोठं काम डब्ल्यूएनटी४ ला गप्प ठेवणं हेच. यापुढे शिकवताना दिव्याबरोबर वाराही सांगेन.

कोकणवारा
अवांतर होतंय, पण निरोपांचा विषय निघालाय म्हणून. आमच्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्यांच्यात वाय गुणसूत्राची भानगडच नाही, वाळूचं तापमान ठरवतं. गरम वाळूत माद्या, थंड वाळूत नर. घरटी हलवून राखीव जागेत पुरतात तेव्हा खोली आणि सावली सांभाळावी लागते ती यासाठीही. सस्तन प्राण्यांत असं काही आहे का?

पिपेट
तापमानानं ठरणारं नाही. पण गंमत अशी की कासवातही पुढचे खेळाडू तेच आहेत, सॉक्स९ वगैरे. फक्त पहिली ठिणगी टाकणारा हात वेगळा. सस्तनांतही तो हात बदलू शकतो. जपानच्या अमामी बेटावर एक काटेरी उंदीर आहे, त्याच्यात वाय गुणसूत्रच उरलेलं नाही आणि एसआरवायही नाही. तरी नर जन्मतात, वृषणं होतात. २०२२ मध्ये कळलं की त्यांच्या नरांत सॉक्स९ जवळचा डीएनएचा एक छोटा तुकडा दुप्पट झालाय आणि तोच सॉक्स९ चेतवतो. फळा_खडू सर, आता सांगा हुकूम कुणाचा!

फळा_खडू
सॉक्स९ चा. वर्गात सांगतो उद्या. मुलं खूश होतील.

गोडधोड
मध्येच एक शंका. मी कुठेतरी वाचलं की वृषण बनायला इन्सुलिनही लागतं. मला गरोदरपणात मधुमेह झालाय, सातवा महिना आहे. याचा बाळाच्या लिंगावर काही परिणाम?

पिपेट
नाही. अगदी निश्चिंत राहा. तुम्ही वाचलंय ते उंदरांवरचं २००३ चं काम असणार. इन्सुलिनच्या कुटुंबातल्या निरोपांचे तीन रिसेप्टर असतात. ते तिन्ही एकदम काढून टाकले तर एक्स-वाय गर्भात बीजांडकोश बनला. पेशींची संख्या वाढायला आणि एसआरवाय पुरेसं चालायला हे निरोप लागतात. पण तिन्ही रिसेप्टर नसणं आणि आईची साखर वाढणं यांचा काही संबंध नाही. शिवाय सातव्या महिन्यात हा टप्पा मागे पडून पाच महिने झाले. साखर सांभाळायची ती तुमच्या आणि बाळाच्या तब्येतीसाठी, आणि ती नक्की सांभाळा.

सूतिका
स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून एक भर घालते, कारण असे धागे वाचून कुणाला वेगळंच सुचतं. "मुलगा व्हावा म्हणून" पुड्या, काढे, ठरावीक दिवशी ठरावीक आहार, यातल्या कशानंही गर्भाचं वाय गुणसूत्र बदलत नाही. पहिल्या तीन महिन्यांत अज्ञात पुडी पोटात घेणं मात्र धोक्याचं आहे, कारण हे सगळे नाजूक निरोप त्याच काळात ये-जा करत असतात. गर्भलिंग निवड आणि तिची जाहिरात दोन्ही १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहेत. माझ्याकडे अशी पुडी घेऊन आलेल्या मुलीच्या हातून मी ती काढून घेते आणि सासूला आत बोलावून समजावते. दर वेळी.

रानजाई
सूतिकाताई, हे ठळक अक्षरात वर लावायला हवं.

कृष्णाकाठ
ताई-दादांनो, सगळं वाचतोय, आईलाही वाचून दाखवतोय. पण जुई राहिली मागे! भावाच्या रक्तातून नक्की काय आलं? एफजीएफ९?

पिपेट
माफ करा, मुद्द्यावर येते. एफजीएफ९ नाही. तो शेजारपाजारपुरता निरोप आहे, पेशींच्या भोवतालच्या जाळ्यात अडकतो, रक्तातून लांब जात नाही. जुईला गाठलं ते त्याच्या पुढच्या निरोपानं.

सर्टोली पेशी झाल्या झाल्या एएमएच नावाचं प्रथिन सोडायला लागतात. हेही ग्रोथ फॅक्टरच, टीजीएफ-बीटा कुळातलं. प्रत्येक गर्भात सुरुवातीला म्युलेरियन नळ्यांची जोडी असते, मादीत त्यांचंच गर्भाशय आणि गर्भनलिका होतात. एएमएच त्या नळ्या विरघळवून टाकतं. लिलींना वाटलं होतं की एकच नर-संप्रेरक सगळं करतं. फ्रान्सच्या आल्फ्रेद जोस्त यांनी १९४० च्या दशकात सशाच्या गर्भावर पोटातल्या पोटात शस्त्रक्रिया करून दाखवलं की टेस्टोस्टेरॉन दिलं तरी त्या नळ्या जात नाहीत, म्हणजे वृषणातून दुसरंही काही येतं. ते दुसरं म्हणजे एएमएच. त्याचं जनुक १९८६ मध्ये हाती लागलं.

आता गाईचा हिशोब बघा. गोऱ्ह्याचं वृषण साधारण ४० व्या दिवसाच्या आसपास आकार घेतं. बीजांडकोशाची घडण त्यापेक्षा सावकाश होते. तोवर वारांतल्या रक्तवाहिन्या जोडल्या गेलेल्या असतात. भावाचं एएमएच बहिणीच्या रक्तात उतरतं, तिच्या नळ्या खुंटतात, आणि बीजांडकोशाची वाढही थांबते. १९८७ मध्ये उंदराच्या मोठ्या जातीच्या, म्हणजे रॅटच्या, गर्भातले बीजांडकोश बशीत वाढवून त्यांत शुद्ध एएमएच घातलं, तर बीजपेशी मेल्या आणि उरलेल्या पेशींनी वृषणातल्यासारख्या नळ्या रचायला घेतल्या. काही फ्रीमार्टिन कालवडींच्या ग्रंथींत अगदी तसंच दिसतं. म्हणजे जुई एक्स-एक्सच आहे. गुणसूत्रानं तिला मादीच ठरवलं होतं. निरोप मात्र चुकीच्या घरी पोचला.

कृष्णाकाठ
शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून गोठ्यात गेली.

पेशंट_सर्जन
एएमएचचा विषय निघालाच आहे तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरची गोष्ट. हर्नियासाठी आलेला, लग्न झालेला, दणकट तरुण. हर्नियाची पिशवी उघडली तर आत एक छोटं गर्भाशय! याला पर्सिस्टंट म्युलेरियन डक्ट सिंड्रोम म्हणतात. एएमएच किंवा त्याचा रिसेप्टर बिघडलेला असतो, त्यामुळे नळ्या विरघळायच्या राहून जातात. बाकी माणूस पूर्ण पुरुष, टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित. आपल्या देशातही अशा बऱ्याच नोंदी आहेत. जुईच्या बरोबर उलटी बाजू: तिला नको असताना निरोप मिळाला, याला हवा असताना मिळाला नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांना हे समजावून सांगायला मी अर्धा तास खुर्ची ओढून बसलो होतो. त्या घरात घाईत सांगून चालण्यासारखी गोष्ट नाही ती.

चिऊची_आई
माझा मुलगा नऊ महिन्यांचा. एका बाजूचा अंडकोष खाली उतरलेला नाही. घरातले म्हणतात "मोठा झाला की येईल आपोआप". याचाही या निरोपांशी संबंध आहे का?

पेशंट_सर्जन
आहे. वृषणातल्या लायडिग पेशी आयएनएसएल३ नावाचा निरोप सोडतात, तो इन्सुलिनच्याच नात्यातला. वृषण पोटातून जांघेपर्यंत आणायला तो लागतो, पुढचा प्रवास टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर. पूर्ण दिवसांच्या बाळांत २ ते ४ टक्के मुलांमध्ये जन्मतः असं दिसतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत बरंच जास्त. सहा महिन्यांपर्यंत वाट बघतात, त्यानंतर आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी. तुमचं बाळ नऊ महिन्यांचं आहे, म्हणजे आता बालशल्यचिकित्सकाला दाखवा. शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करणं उत्तम. पोटातल्या उबेत बीजपेशींचं नुकसान होतं आणि पुढे गाठ होण्याचा धोका वाढतो. "मोठा झाल्यावर बघू" नको.

चिऊची_आई
सोमवारची वेळ घेतली. खूप आभार.

ओंजळ
बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते.

माझी मुलगी सोळा वर्षांची झाली तरी पाळी आली नाही. तपासण्या झाल्या, एक्स-वाय निघाली. गर्भाशय आहे, पण जननग्रंथी नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांसारख्या. स्वायर सिंड्रोम. एका मोठ्या रुग्णालयात रिपोर्ट देताना भरलेल्या बाकांसमोर मोठ्यानं विचारलं गेलं, "ही नक्की मुलगीच ना?" त्या दिवसापासून सहा महिने ती घराबाहेर पडली नाही. मी स्वतःला विचारत राहिले, गरोदरपणी मी काय चुकीचं खाल्लं, कुठलं औषध घेतलं.

वरची चर्चा वाचून पहिल्यांदा मला चित्र दिसलं. तिच्यातही तो कोरा उंचवटा होता. ठिणगी पडली नसेल, किंवा पडून विझली असेल. एएमएच सोडायला सर्टोली पेशीच नव्हत्या, म्हणून गर्भाशय राहिलं. माझ्या खाण्यापिण्याचा यात काही भाग नव्हता. बरोबर समजलेय ना मी?

पिपेट
अगदी बरोबर समजलात. आणि यात तुमची काहीच चूक नाही. स्वायरमध्ये साधारण १० ते १५ टक्के मुलींतच एसआरवायमध्ये दोष सापडतो. उरलेल्यांत तो साखळीत पुढे कुठेतरी असतो: कुणात मॅप३के१ या जनुकात, कुणात डीएचएच या निरोपात, आणि अनेकींत अजून सापडत नाही. म्हणूनच आम्ही ही साखळी कडी-कडीनं तपासत बसतो. मी रोज ज्या एक मिलिमीटरच्या ग्रंथीकडे बघते, ती यापुढे तुमच्या मुलीची आठवण ठेवून बघेन.

सूतिका
ओंजळ, तुमची मुलगी मुलगीच आहे. ज्यांनी तसं विचारलं त्यांना विचारायचा अधिकार नव्हता. दोन गोष्टी वैद्यकीय. त्या पट्टीसारख्या ग्रंथींत गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून त्या काढून टाकतात. झालं नसेल तर लांबवू नका. आणि इस्ट्रोजेन सुरू ठेवा, हाडांसाठीही. गर्भाशय आहे, त्यामुळे पुढे तिला हवं असेल तर दात्याच्या बीजांडानं ती आई होऊ शकते, अशी बाळंतपणं झालेली आहेत. मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, जनुकीय तपासणीबद्दल तुमच्या डॉक्टरांना तिथे विचारायला सांगा.

ओंजळ
ग्रंथी काढल्या मागच्या वर्षी. आता ती अकरावीला आहे, विज्ञान घेतलंय. हा धागा तिला दाखवू का, याचा विचार करतेय.

फळा_खडू
दाखवा. तिला काही विचारावंसं वाटलं तर इथे आम्ही सगळे आहोत. मी पुस्तकातलं ते दोन ओळींचं सूत्र यंदापासून वेगळ्या पद्धतीनं शिकवणार आहे. वर्गातल्या चाळीस जणांत अशी एखादी मुलगी बसलेली असू शकते, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

कृष्णाकाठ
काल डॉक्टर येऊन गेले. नळी सात सेंटिमीटरवर अडली. रक्त तपासायला पाठवलंय, पण निकाल काय येणार ते कळून चुकलंय. व्यापारी दोनदा येऊन गेला. आई म्हणते, जुई राहील. एका जनावराची वैरण आम्हाला जड नाही.

आता शेवटचा प्रश्न. आमच्या शेळ्यांना तर दर वेताला जुळी होतात, बोकड आणि पाठ (मादी करडू) बरोबर. त्या पाठी मोठ्या होऊन व्यवस्थित व्यातात. तिथे भावाचं रक्त नाही का जात?

गोठाडॉक्टर
चांगला प्रश्न. शेळीत जुळ्यांच्या रक्तवाहिन्या क्वचितच जोडल्या जातात. वारा वेगळ्या राहतात, त्यामुळे एएमएच पलीकडे पोचत नाही.

पण शेळीत दुसरी भानगड आहे, ती ध्यानात ठेवा. बिनशिंगाचा बोकड बिनशिंगाच्या शेळीला लावू नका. शिंगं न येण्याच्या त्या बदलात डीएनएचा एक तुकडा गळालेला असतो, आणि तो फॉक्सएल२ या बीजांडकोश सांभाळणाऱ्या जनुकाला चालू ठेवणारा असतो. आईबाप दोघांकडून तो गळका भाग आला तर एक्स-एक्स करडात वृषण तयार होतं आणि ते वांझ निघतं. सानेनसारख्या बिनशिंगी जातींत हे जास्त दिसतं. एक तरी बाजू शिंगाची ठेवा.

कृष्णाकाठ
आमचा बोकड उस्मानाबादी, चांगला शिंगाळ आहे. दोन शेळ्या मात्र भुंड्या आहेत. बोकड बदलायचा विचार होता या दिवाळीला, आता शिंगं बघूनच घेतो.